कागद आप्त असतो का?

आज मराठीत ‘आप्त’ म्हटले की नातेवाईक आठवतात. न्यायदर्शनातला आप्त वेगळा. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याचा शब्द प्रमाण. न्यायदर्शनावरच्या भाष्यात ही व्याख्या देताना वात्स्यायनाने एक वाक्य जोडले, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. ज्ञानाचा अधिकार जन्मातून किंवा पदातून येत नाही, जाणण्यातून येतो, असा त्याचा सरळ अर्थ. वात्स्यायनासमोर सरकारी दप्तर नव्हते. पण मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोंगरी गावांत कोरकू आणि बारेला कुटुंबे वनहक्काचा दावा घेऊन पुरावा शोधू लागतात, तेव्हा प्रश्न नेमका त्याच जागी येऊन थांबतो. पटवाऱ्याचा खसरा, वनखात्याचा नकाशा, तहसिलीतली नक्कल यांना आपण प्रमाण मानतो. ते स्वतःच्या बळावर प्रमाण आहेत, की त्यांच्यामागे कोणी पाहणारा उभा होता म्हणून?

माझ्या मते दुसरेच खरे. दप्तर हा शब्दप्रमाणाचाच एक प्रकार आहे आणि त्याची किंमत लिहिणाऱ्याने काय पाहिले यावर ठरते. वनहक्क कायदा २००६चा. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. ज्या शेतीलाच दप्तर गुन्हा समजत होते, तिची नोंद ‘शेती’ म्हणून कोण करणार? वनखात्याच्या जुन्या गुन्ह्याच्या नोंदी आणि दंडाच्या पावत्या म्हणूनच दाव्यांना जोडल्या जातात: ज्या कागदाने माणसाला अपराधी ठरवले, तोच पुढे तो माणूस तिथे होता याची साक्ष देतो. त्यात आणखी अडचण अशी की जितके मागे जावे, तितकी कचेरी दूर जाते. बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला २००३ मध्ये. त्याआधी जिल्ह्याचे ठाणे खंडवा, आणि १९५६ पूर्वी राज्याची राजधानी नागपूर. चित्रगुप्ताची वही आपण न पाहता मानतो, कारण ती चुकत नाही अशी श्रद्धा आहे. ज्याच्याविषयी नोंद आहे त्यालाच वाचता येत नाही अशी सरकारी वही मात्र श्रद्धेवर चालवून घेता येत नाही.

धर्मशास्त्राने कागदाला एकट्याला कधीच सिंहासनावर बसवले नव्हते. याज्ञवल्क्याने व्यवहारात तीन मानवी प्रमाणे सांगितली: लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. वहिवाटीपेक्षा आगम, म्हणजे मालकी कशी आली याचा आधार, बलवत्तर. पण पूर्वजांपासून चालत आलेली वहिवाट त्याने या नियमाला अपवाद मानली. स्मृतींचा वर्णभेद इथे विसरावा असे मी म्हणत नाही. साक्षीदार कोण असावा याविषयी त्या वात्स्यायनाइतक्या उदार नाहीत. तरी हे तीनही धागे आजच्या वनहक्क नियमांत सापडतात. तेराव्या नियमात सरकारी कागदपत्रे आहेत, तशीच घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आहेत, आणि दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात. दावा मागवून त्याची पहिली पडताळणी करते ती ग्रामसभा.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. साक्षीदार विकत मिळतात, आठवण दगा देते, आणि जंगल तर डोळ्यांदेखत जाते आहे. नेपानगर परिसरात २०२२-२३ मध्ये मोठी झाडतोड झाली. तोंडी जबाबावर विसंबलो तर कालचा कुऱ्हाडवालाही तीन पिढ्यांचा वहिवाटदार होईल, म्हणून उपग्रहाचे चित्रच खरे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्या झाडतोडीविरुद्ध तिथल्या आदिवासींच्या संघटनेनेच आवाज उठवला होता. नवा कोण आणि जुना कोण हे कळत होते ते गावाला. चित्र झाडे दाखवते, हात दाखवत नाही. २०१२च्या दुरुस्तीनेही उपग्रहचित्राला पूरक पुरावा म्हटले आहे, इतर पुराव्यांची जागा त्याला दिलेली नाही. आणि खोटे बोलण्याची मक्तेदारी जिभेकडे थोडीच आहे? उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी महसुली दप्तरात मृत होते. जिवंत आहोत हे १९९४ मध्ये मान्य करून घेईपर्यंत त्यांची जवळपास दोन दशके गेली. खोटा साक्षीदार उलटतपासणीत निदान घाम तरी पुसतो.

म्हणून कागद टाकून द्यावा असे यातून निघत नाही. मराठेशाहीतल्या महजरावर, म्हणजे सभेच्या निवाडपत्रावर, मजकुराखाली पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या असत. लिहिता न येणारी माणसे त्या कागदात उभी दिसत. कोणाला विचारायचे ते कळे. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत याहून विलक्षण दाखला आहे. फारुकी सुलतान आदिलशहाने ही मशीद बांधली. तिथे अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकींची वंशावळ आहे, आणि संवत १६४६, शके १५११ असा काळ तिथीसकट दिला आहे. अरबी न वाचणाऱ्यालाही ही मशीद कोणी, केव्हा बांधली ते पंचांगाशी ताडून पाहता यावे, एवढी सोय १५९० मध्ये एका सुलतानाने केली. आज त्याच जिल्ह्यात वडीलधारा माणूस कोरकूत किंवा बारेलीत सांगतो, ते हिंदीत लिहिले जाते, आणि खाली त्याचा अंगठा उमटतो. अंगठ्याआधी तो जबाब त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला, अशी एक ओळ त्या कागदावर असायला हवी, आणि ती ओळ खरी असल्याची खूण ग्रामसभेने करायला हवी.