पडद्यावरचे प्रमाण

ज्ञान खरे कशावरून मानावे, या प्रश्नाचा विचार भारतीय दर्शनांनी ‘प्रमाण’ या संकल्पनेच्या आधारे केला. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली; त्यांपैकी शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यातून होणारे ज्ञान, हे शाळेचे मुख्य भांडवल होय, कारण मूल वर्गात जे शिकते त्यातले फारच थोडे त्याने स्वतः पाहिलेले असते. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले, आणि या साऱ्याची चर्चा बहुतांशी सोयीच्या अंगाने झाली. पडद्यावरून मिळणारे ज्ञान कोणत्या प्रमाणात मोडते, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

चंद्राच्या कलांचा पाठ घ्यावा. चलचित्रात सूर्य, पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारा चंद्र अवकाशातून पाहिल्यासारखे दिसतात. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३० पृथ्वीव्यासांइतका दूर आहे. ते अंतर जसेच्या तसे दाखवले तर दोन्ही गोल ठिपक्यांएवढे उरतील, म्हणून चित्रकार चंद्राला पृथ्वीच्या अगदी शेजारी आणून ठेवतो. परिणामी, कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात ही मुलांमधली (आणि पुष्कळ मोठ्यांमधलीही) चुकीची समजूत पुसली जाण्याऐवजी पक्की होण्याचा संभव असतो. दोष यंत्राचा नाही. फळ्यावरची आकृतीही अंतरे आवळूनच काढलेली असते, पण ती मुलांदेखत काढली जात असल्याने ती कोणाची तरी मांडणी आहे हे उघड असते. चलचित्र मात्र डोळ्यांना थेट दिसते, म्हणून प्रत्यक्षाचा मान मिळवते. प्रमाणाच्या दृष्टीने ते शब्दच होय, कोणीतरी काही गृहीत धरून व काही गाळून केलेले विधान.

शब्दाला प्रामाण्य कोठून येते? आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे तो, कोणाला म्हणावे हे सांगताना न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने विषयाचे साक्षात ज्ञान आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा यांवर भर दिला, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचेही नोंदवले. आप्तपण पदाने मिळत नाही, हे त्यातून निघते. शिक्षकालाही त्यात सूट नाही. मीमांसकांची वाट वेगळी होती. दोष बोलणाऱ्यामुळे शिरतात, वेदाला कर्ताच नाही, म्हणून तो निर्दोष, असा त्यांचा अपौरुषेयत्वाचा युक्तिवाद. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेल्या उत्तराकडे वर्ग नकळत याच श्रद्धेने पाहतो, कारण बोलणारा दिसत नाही आणि जो दिसत नाही तो पक्षपाती वाटत नाही. वस्तुतः ते उत्तर असंख्य माणसांच्या लेखनातून घडलेले असते, आणि त्यांतला एकही त्याला बांधील नसतो. मीमांसकांचा दिलासा इथे लागू पडत नाही. नैयायिकांची अट पुरी करू शकणारा वर्गात एकच जण उरतो, तो म्हणजे सांगण्याआधी स्वतः खातरजमा करणारा शिक्षक.

शिक्षकप्रशिक्षणाचा विचार इथून व्हायला हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण पुढच्याच वर्षी ‘दीक्षा’वर आले. तास मोजता येतात, म्हणून तेच मोजले जातात. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि तो शिकवण्याचे ज्ञान यांना जोडणारा दुवा दाखवला, तर पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाचे ज्ञान गुंफले; ही तिन्ही सुटीसुटी शिकवून भागत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पडदा लावता येणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. चित्र कोठे थांबवावे, त्यात काय गाळले आहे हे मुलांकडूनच कसे काढून घ्यावे आणि पडदा बंद करून त्यांना अंगणात कधी पाठवावे, हा खरा कठीण भाग.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद उठतो, तेव्हा परिव्राजिका कौशिकी त्यांच्या शिष्यांचा प्रयोग पाहून निवाडा करायचे ठरवते. ही कसोटी प्रशिक्षणाला लावायची तर कोणाला तरी त्या वर्गात जाऊन बसावे लागते, आणि ऑनलाइन प्रश्नमंजुषेत तशी सोय नाही.