हत्ती पोसणे

आमच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये अकरा हत्ती आहेत आणि त्यांतला एकही जिवंत नाही, असं मी सांगितलं की पाहुणे म्हणतात, "अहो, शोकेसमधला हत्ती जिवंत कसा असेल?" तसं नव्हे. यांची जातच पृथ्वीवरून नाहीशी झालेली आहे. बाजारात मिळणारा साधा लाकडी हत्ती निदान कुठल्यातरी जंगलातल्या भाऊबंदाच्या जोरावर मिरवू शकतो. आमचे हत्ती दुहेरी मेलेले.

मी कॉमर्सचा पदवीधर. गेली वीस वर्षं बँकेत दुसऱ्याचे पैसे मोजतो. संध्याकाळी हिशेब जुळला की त्यातला एक रुपयाही आपला नाही याची खात्री पटते आणि मगच घरी जाता येतं. अशा माणसाला काहीतरी केवळ स्वतःचं असावं असं वाटलं, तर त्यात गैर काय? इतर लोक प्लॉट घेतात. मी हत्ती घेतले. मौद्यात प्लॉटला भाव आहे, हत्तीला नाही, हे बायकोचं म्हणणं मला मान्य आहे.

सुरुवात एका केसाळ मॅमथपासून झाली. पुतण्याने परदेशातून माझ्या मुलीसाठी पाठवला होता. तिने दोन दिवस खेळून टाकून दिला, मी उचलून पुसून ठेवला, आणि पुसता पुसता अडकलो. मग डायनोथेरियम आला. याचे सुळे खालच्या जबड्यातून निघून हनुवटीखाली वळलेले, एखाद्या साहेबाच्या वाकड्या मिशांसारखे. मग प्लॅटीबेलोडॉन. याचा खालचा जबडा फावड्यासारखा पुढे आलेला. पूर्वी पंडित म्हणत की हा त्या फावड्याने चिखल उपसत असे. पुढे दातांची झीज तपासून म्हणू लागले की तो त्याने झाडपाला कापत असावा. लाखो वर्षं मेलेल्या प्राण्याचंही खातं वरचेवर तपासलं जातं, हे पाहून बँकवाल्याला बरं वाटतं. मग सिसिलीचा बुटका हत्ती आला. बेटावर अडकून पिढ्यानपिढ्या लहान होत गेलेला, पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम मीटरभर उंच. शासकीय नोकरीत एकाच टेबलावर राहिलेल्या माणसांचंही असंच काहीसं होतं, पण तो विषय वेगळा.

किमतीबद्दल माझी एक पद्धत आहे. चौतीसशेचा हत्ती मी घरात चारशेचा सांगतो. यात खोटं फक्त एका आकड्याचं आहे. उरलेला हत्ती खरा आहे.

सगळ्यांत प्रतिष्ठित म्हणजे स्टेगोडॉन गणेश. हे नाव मी ठेवलेलं नाही. फाल्कनर आणि कॉटली या दोन ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात शिवालिकच्या टेकड्यांतून हाडं गोळा केली आणि त्यांतल्या एका जातीला चक्क गणपतीचं नाव दिलं. यातला कॉटली हा गंगेचा कालवा काढणारा इंजिनिअर. याचे सुळे एकमेकांना इतके खेटून की मधून सोंड खाली सोडायला जागाच नव्हती, ती बाजूने न्यावी लागत असणार असं म्हणतात. आमच्या मूर्तीची सोंड कारागिराने उजवीकडे नेली आहे. आईने ते पाहिलं मात्र, आणि घरात नवीनच धर्मसंकट उभं राहिलं. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक! मग त्याच्या शेजारी हा मिशाळ राक्षस कसा? मी सांगितलं, अगं, हा देव नाही, प्राणी आहे. "मग नाव कशाला गणेश?" याला उत्तर नव्हतं. स्टेगोडॉन वरच्या फळीवर गेला, तिथला आग्ऱ्याचा ताजमहाल खाली उतरला, आणि दर चतुर्थीला त्याच्यापुढे एक जास्वंद दिसू लागलं. फूल काढावं की राहू द्यावं यावर मी पुष्कळ विचार केला. राहू दिलं. सुकलेलं मात्र मीच काढतो.

माझ्या वेडाला जुना आधार आहे, हेही सांगून ठेवतो. 1974 साली नगर जिल्ह्यात दायमाबादला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, गेंडा, रेडा आणि हत्ती. हत्ती पंचवीस सेंटिमीटर उंच, पाटावर उभा, खालची चाकं हरवलेली. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कुणीतरी घरातल्या माणसांचा रोष पत्करून हत्ती करवून घेतलाच होता! त्याने बायकोला किती किंमत सांगितली असेल? आणि त्याच खोऱ्यात, नांदूर मधमेश्वरजवळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खऱ्या प्रचंड हत्तीची कवटी निघाली होती. त्या जातीचं नाव नर्मदेवरून पडलं आहे. एका तुटक्या मांडीच्या हाडावरून कुणी हिशेब मांडला की तो खांद्यापाशी पाच मीटरांहून उंच असावा. एका हाडावर एवढं कर्ज आमच्या शाखेत कुणी मंजूर करणार नाही, पण मला तो हिशेब आवडतो.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. बातमी मी शाखेत मोठ्याने वाचून दाखवली. आपल्याकडे हत्ती आले! पेढे वाटायचेच काय ते राहिले. पुढल्या वर्षी तो कळप गोंदियातून भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखनीच्या बाजूला शिरला. मी मुलीला म्हटलं, "बघ, मौद्यापासून किती जवळ!" नकाशावर बोट ठेवून अंतर मोजलं.

त्याच हिवाळ्यात बायकोचे मामा आले. साकोलीकडे त्यांची चार एकर धानाची शेती. कापून रचून ठेवलेलं पुंजणं एका रात्रीत हत्तींनी खाल्लं, उरलेलं तुडवलं. पंचनामा झाला होता. घरात लग्न ठरलेलं. मामाजी कर्जाचं विचारायला आले होते, पण आधी चहा झाला, मग इकडचं तिकडचं झालं, आणि त्यांची नजर शोकेसवर गेली.

अकरा हत्ती. त्या क्षणी मला ते झाकावेसे वाटले.

"हे कोनचे हत्ती हायेत जी, जवाईबापू?"

सांगावं लागलं. हे आता नाहीत, मामाजी. सगळे संपले.

"सारेच?"

"सारेच."

ते उठून जवळ गेले. चष्मा लावला. मी आपला बोलत राहिलो, कारण गप्प बसवेना. हवामान बदललं, थंडी गेली, चारा बदलला. शेवटचे मॅमथ तर उत्तरेकडच्या एका बेटावर चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते. आणि काही म्हणतात, माणसांनीही पुष्कळ मारले.

"मानसानं मारले? धान खात होते का?"

"तेव्हा धान नव्हतं हो. शेतीच नव्हती."

"मंग कायले मारले?"

मांसासाठी, हे उत्तर मला माहीत होतं. पण ज्या माणसाचं वर्षाचं धान हत्तीने खाल्लं त्याने हा प्रश्न विचारावा, आणि विचारताना त्याच्या आवाजात हत्तीची बाजू असावी, यापुढे ते उत्तर मला देता आलं नाही. मेलेल्या हत्तीवर प्रेम करायला लागतं काय? एक फळी आणि एक फडकं. जिवंत हत्तीवर मी मौद्यात बसून प्रेम केलं, की त्याचं बिल साकोलीला जातं. कर्ज मी उचलायचं आणि जामीनदार मामाजी. बरं, हत्ती नसावेत असं म्हणू, तर तेही म्हणवत नाही. आणि मामाजी स्वतः तरी कुठे म्हणत होते? त्यांना नुसतं पुंजणं परत हवं होतं. मी एवढी वर्षं हिशेब लिहितो आहे, पण ही नोंद नावे टाकायची की जमा, ते मला अजून कळलेलं नाही.

कर्जाचं मी सगळं समजावून सांगितलं. कागदपत्रांची यादी करून दिली. निघताना ते दाराशी घुटमळले.

"एक मागू का? नातू हाय लहान. त्या रात्रीपासून झोपंत दचकते. म्हटलं, हातात घेऊन पाह्यलं तं भेव जाईल."

मी पटकन पुढे होऊन बुटका सिसिलीवाला काढला. लहान मुलाला लहान हत्ती, हे दिसायला रास्त होतं. तो सगळ्यांत स्वस्त होता, ही गोष्ट मला, देवाला आणि कुरियरवाल्याला ठाऊक. मामाजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हा लहान हाय जी. तो पाहून कसा भेव जाईल? आले ते मोठे होते." आणि त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं.

आई देवघरातून बाहेर आली होती. बायको माझ्याकडे पाहत होती. स्टेगोडॉन गणेश मी खाली काढला. त्याच्या पायाशी चतुर्थीचं फूल होतं, ते बाजूला ठेवलं. मामाजींनी तो धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि विचारलं, "किंमत काय हो याची?"

"चारशे," मी म्हणालो.

त्यांनी खिशात हात घातला. मी तो धरला, तेव्हा कुठे थांबले. साकोलीची बस गेल्यावर मी घरी आलो, तर वरच्या फळीवर ताजमहाल परत गेला होता. जास्वंद त्याच्यापुढे होतं.