चालकाची झोप आणि कर्तृत्वाचा प्रश्न

अवजड मालवाहू वाहन चालवणाऱ्या माणसाला पहाटे डुलकी लागते आणि त्या काही क्षणांत समोरच्या वाहनातील माणसे प्राणास मुकतात, तेव्हा त्या मृत्यूचा कर्ता कोण, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातील एक जुना पेच आहे. जाणिवेने आणि इच्छेने केलेली कृती म्हणजे कर्म, ही व्याख्या मान्य केली, तर झोपलेल्या माणसाच्या हातून कर्म घडतच नाही. मांडूक्य उपनिषदाने जाणिवेच्या अवस्था सांगताना सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप, ही जिच्यात कोणतीही कामना उरत नाही अशी अवस्था मानली आहे. कामना नाही तेथे संकल्प नाही, आणि संकल्पच नसेल तर दोष कोणाच्या माथी ठेवायचा? तरीही मृत्यू घडलेला असतो आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे तरी जावेच लागते. ट्रकचालकांच्या कामाच्या तासांवर बंधन का असावे, आणि ज्यांच्या हितासाठी ते घातले जाते ते चालकच त्याकडे संशयाने का पाहतात, याचा विचार या पेचापासून सुरू करावा लागतो.

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात मद्यपीच्या अपराधाची चर्चा करताना या पेचावर एक तोडगा सुचवला आहे. नशेत असलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत नसले, तरी त्या न कळण्याचा उगम त्याच्यातच असतो, कारण मद्य न पिणे त्याच्या हाती होते. झोपेलाही हा न्याय लावता येतो, कारण डोळा लागण्याचा क्षण कोणाच्याच ताब्यात नसला, तरी पेंग येऊ लागल्यावर गाडी कडेला घेण्याचा क्षण ताब्यात असतो. ही तुलना शरीरशास्त्रालाही धरून आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात १०० मिलिलीटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. भारतात वाहन चालवताना मद्यार्काची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चार सेकंदांत सुमारे ९० मीटर अंतर कापते, आणि एवढ्या वेळाची डुलकी लागून गेल्याचे पुष्कळदा चालकाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

मात्र ही तुलना एका जागी तुटते. मद्यपी पेला स्वतः उचलतो. चालकाचे जागरण त्याने स्वतः निवडलेले असते का, हे तपासल्याशिवाय अॅरिस्टॉटलचा न्याय त्याला पुरता लावता येत नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ या कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या वाहतुकीसारख्या प्रसंगी ती १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा ठेवली, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हीच मर्यादा परिवहन वाहनावर नेमलेल्या चालकांना लागू केली. तथापि नोंदणी, निरीक्षक आणि कामाच्या तासांची नोंदवही ही १९६१ च्या कायद्यातील अंमलबजावणीची यंत्रणा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांभोवती उभी होती. एकदोन ट्रक बाळगणारा मालक, तसेच कर्जावर घेतलेला ट्रक स्वतःच चालवून हप्ते फेडणारा माणूस, त्या यंत्रणेच्या नजरेबाहेर राहिला, आणि भारतातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग अशाच लहान मालकांच्या हाती आहे. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत असल्याचे दिसले, आणि थकवा किंवा झोप जाणवत असतानाही आपण गाडी चालवतो, हे जवळजवळ निम्म्या चालकांनी मान्य केले.

चालकांचे म्हणणे येथे काळजीपूर्वक ऐकले पाहिजे, कारण त्यांचा आक्षेप विश्रांतीला नसून तासांच्या हिशेबाला आहे. चालकाला बहुधा खेपेवर पैसे मिळतात. डिझेल, टोल आणि जेवणखाण यांसाठी ठरलेली रक्कम हाती देऊन मालक मोकळा होतो, आणि लवकर पोहोचून त्यातून जे वाचेल तीच चालकाची वरकमाई असते. माल भरायला किंवा उतरवायला गोदामाच्या दारात गेलेले तास, नाक्यावरचा खोळंबा, शहरात अवजड वाहनांना दिवसा असलेली बंदी, यांचा मोबदला क्वचितच मिळतो, आणि हा वाया गेलेला वेळ शेवटी रात्रीच्या झोपेतूनच भरून काढावा लागतो. गाडी उभी करून झोपावे, तर डिझेल आणि माल चोरीला जाण्याची धास्ती असते, कारण राखण असलेला वाहनतळ सर्वत्र नसतो. ही तक्रार भारतापुरतीही नाही. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या मुदतीत ११ तासच गाडी चालवता येते, आणि डिसेंबर २०१७ पासून ही नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्राद्वारे ठेवणे बहुतेक चालकांना बंधनकारक झाले. तेथील अनेक चालकांचा आक्षेप असा, की माल भरण्यात तास गेले तरी ती मुदत थांबत नाही, त्यामुळे शरीर झोप मागत असतानाही घड्याळ त्यांना पुढे ढकलते. याचा अर्थ असा, की वेळेवरची सत्ता ज्याच्या हाती नाही, त्यालाच वेळेच्या नियमाचे ओझे वाहावे लागते.

या टप्प्यावर भारतीय विचारपरंपरेतील एक भेद अॅरिस्टॉटलच्या न्यायापेक्षा अधिक उपयोगी पडतो. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसा तीन प्रकारची मानली आहे: कृत म्हणजे स्वतः केलेली, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेली, आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केलेली पण आपण संमती दिलेली. ही हिंसा लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून उपजते, असेही तेथे सांगितले आहे, आणि जैन आचारशास्त्रातही हा त्रिविध भेद व्रतांच्या पायाशी आहे. या विवेचनाचे मोल असे, की करवणारा आणि मान डोलावणारा यांना ते साक्षीदार मानून सोडून देत नाही, तर कर्तृत्वाचे वाटेकरी ठरवते. रस्त्यावरील मृत्यूला हा भेद लावला, तर डुलकी लागलेल्या चालकाचा वाटा कृत आहे. अशक्य वेळेत माल पोहोचवण्याची अट घालणारा मालक, वाहतूकदार आणि माल पाठवणारा व्यापारी यांचा वाटा कारित आहे. आणि माल स्वस्तात व उद्याच दारात हवा असे म्हणणारा, पण तो कसा येतो याची विचारपूस न करणारा ग्राहक अनुमोदनाचा वाटेकरी आहे. यामुळे चालक निर्दोष ठरत नाही, कारण पेंगुळल्यावर थांबण्याचे त्याचे कर्तव्य कायमच राहते. मात्र तो एकटाच दोषी आहे, ही समजूत टिकत नाही.

कायद्याची दृष्टी अजूनही मुख्यतः कृतावर खिळलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडवल्यावर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील चालकांनी काम बंद केले. अपघातस्थळी थांबलो तर जमावाच्या हाती सापडू, ही भीती त्यांनी मांडली, आणि संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तरी हे उपकलम स्थगित ठेवावे लागले. शिक्षा कितीही वाढवली तरी ती झोपलेल्या माणसाला जागे करू शकत नाही. ती फार तर त्याला थांबवू शकते, आणि तेही थांबणे त्याला परवडत असेल तरच. करवणाऱ्याला जाब विचारणारे कायदे अन्यत्र झाले आहेत. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीने, चालकाला दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती ठरवून देतानाच, रस्त्यावरील सुरक्षिततेला बाधा येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर मोबदला देण्यास मनाई केली, आणि वाहतुकीचे वेळापत्रक या नियमांत बसणारे असावे, ही जबाबदारी माल पाठवणाऱ्यांवरही टाकली. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत अवजड वाहनांच्या कायद्यात जबाबदारीची अशी साखळीच मानलेली आहे.

करवणाऱ्याला बांधणारा नियम भारतीय कायद्याला अपरिचित आहे, असेही नाही. मात्र तो माणसासाठी नसून बैलासाठी आहे. ओझे ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार कोणीही जनावराला दिवसात एकूण ९ तासांपेक्षा आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा अधिक काळ गाडीला जुंपू नये किंवा जुंपवू नये, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळात तर मुळीच नाही. या नियमात मालकाकडे बैल किती, हे विचारले जात नाही. मर्यादा थकणाऱ्या शरीराला चिकटलेली आहे आणि ती जुंपणाऱ्याइतकीच जुंपवणाऱ्यालाही लागू आहे. महाराष्ट्रात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवले जात नाही, त्यामागेही बैलाची विश्रांती ही धन्याची मेहेरबानी नसून त्याच्या माथ्यावरचे ऋण आहे, ही जाणीव आहे. यहुदी परंपरेतील सातव्या दिवसाच्या विश्रामाची आज्ञाही घरधन्यापाशी थांबत नाही. दास, दासी, बैल आणि गाढव यांनाही तो विश्राम मिळालाच पाहिजे, असे ती बजावते.

येथे एक आक्षेप उरतो, की प्रौढ माणसाने किती जागावे हे त्याचे त्याने ठरवावे. मात्र ज्या थकव्याची किंमत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला मोजावी लागते, तो कोणाची खासगी बाब राहत नाही. आणि खेप चुकली तर चूल पेटणार नाही अशा स्थितीत दिलेल्या होकाराला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या सर्वांच्या मृत्यूला झोप कारणीभूत नव्हती, पण जे मृत्यू झोपेमुळे घडले, ते टाळण्याची वाट कामाच्या तासांच्या बंधनातूनच जाते. ते बंधन न्याय्य व्हायचे असेल, तर गोदामाच्या दारात गेलेला वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जावा, मोबदला खेपेऐवजी वेळेवर ठरावा, झोपायला सुरक्षित जागा मिळावी, आणि अशक्य वेळापत्रक लिहिणाऱ्यालाही आरोपीच्या रांगेत उभे केले जावे. ज्या भाड्यात चालकाची झोप बसत नाही, ते भाडे मुळातच हिंसेने स्वस्त झालेले असते. हे मान्य होत नाही, तोवर अपघातानंतर कर्ता म्हणून एकट्या चालकाचे नाव लिहिणे हा अर्धाच न्याय आहे.