मित्राचे गीत लेकरांस शिकवा

वाचावयाचा शास्त्रभाग : २ शमुवेल १ : १७-२७ व २ शमुवेल ९ : १-१३



गिलबोवाच्या डोंगरावर इस्राएलाचा मोड झाला, शौल राजा व त्याचा पुत्र योनाथान रणात पडले, आणि ती बातमी सिकलाग येथे दाविदास पोहोचली. त्याने वस्त्रे फाडिली, तो रडला, सायंकाळपर्यंत उपाशी राहिला. इतके तर कोणीही दुःखी मनुष्य करितो. परंतु ह्यापुढे दाविदाने जे केले ते विचार करण्याजोगे आहे. त्याने एक विलापगीत रचिले, आणि यहूदाच्या लेकरांस ते शिकवावे अशी आज्ञा केली. त्या गीतास धनुष्याचे नाव मिळाले. योनाथानाने मैत्रीचा करार केला त्या दिवशी अंगावरचा झगा, तलवार, कमरबंद आणि धनुष्य काढून दाविदास दिले होते, हे १ शमुवेल १८ मध्ये सांगितले आहे. मित्राने हाती दिलेल्या वस्तूचे नाव मित्राच्या गीतास लाभले.

हा शास्त्रभाग आम्ही पुष्कळदा वाचला होता. प्रेतविधीच्या प्रसंगी त्यावर बोललोही होतो. तथापि त्यातील अठराव्या वचनाने आम्हांसच दोषी ठरविले ते अलीकडे. ती हकीकत सांगावयास संकोच वाटतो; परंतु जो दुसऱ्यांस पदरचा दोष पदरी घ्या म्हणून सांगतो, त्याने आपला झाकून ठेवू नये.

आमचे एक स्नेही होते. शेतमजुरी करून ते प्रपंच चालवीत. अक्षरओळख बेताची, परंतु हात असा की मृदंगावर पडताच सभा सावरून बसे. पंधरा वर्षे आम्ही खेडोपाडी कीर्तन केले आणि त्यांनी साथ केली. नाताळ असो, हंगामाचा सण असो, कोणाचे लग्न असो, ते दिवसाचे काम उरकून, मृदंग खांद्यास लावून चालत येत. आल्यावर प्रथम पाणी मागत नसत, मूठभर कणीक मागत. ती भिजवून मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापीत, मग हातोडीने गट्टे ठोकून उजवी पुडी आमच्या सुरास लावीत. कीर्तन संपले की कणीक खरवडून पुडी पुसून ठेवीत. एकदा आम्ही विचारले, "ही रोजची खटपट कशाला? थर तसाच राहू द्या." ते म्हणाले, "बुवा, कालची कणीक आज बोलत नाही." त्या एका बोलावर आम्ही पुढे किती उपदेश केले ह्याची गणती नाही.

एका हंगामाच्या सणास आमच्याकडून अपराध घडला. मंदिर भरलेले होते, दुसऱ्या गावचे पाहुणे आलेले होते, आणि आमच्या मनात कीर्तनाचा गर्व शिरला होता. पदाच्या शेवटी लय चढते असे आम्हांस वाटले. आम्ही गाणे थांबविले आणि साऱ्या मंडळीदेखत त्यांस म्हणालो, "जरा ताल सांभाळा." त्यांनी मान खाली घातली व हात हलका केला. परत येताना वाटेत त्यांनी नेहमीप्रमाणे बैलांच्या, पावसाच्या गोष्टी काढिल्या. आम्ही क्षमा मागितली नाही. पुढे बोलू, असे म्हणत दिवस गेले. मग पावसाळ्यात ते आजारी पडले आणि आठ दिवसांत प्रभूमध्ये निजले.

मातीनंतर त्यांच्या पत्नीने मृदंग आमच्या घरी पोहोचविला. "भाऊ, तुमच्या सुराला लावलेला आहे, तुमच्याजवळच राहू द्या," असे त्या म्हणाल्या. आम्ही तो मंदिरातील कपाटात ठेविला व कुलूप लाविले. त्यानंतर दीड वर्ष आम्ही कीर्तन केले नाही. कोणी विचारिले तर म्हणत असू, "साथ गेली." लोकांस वाटे, पाळकांचे आपल्या मित्रावर केवढे हे प्रेम! आम्हांसही तसेच वाटू लागले. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा दोनदा आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, मला बाबांचा मृदंग वाजवू द्या." दोन्ही वेळा आम्ही त्यास, तू अजून लहान आहेस, असे सांगून परत पाठविले. खरे कारण हे की, त्या मृदंगाचा आवाज कानी पडला असता आम्हांस तो सण आठवला असता.

अशा स्थितीत एका आठवड्यात उपदेशाकरिता हा शास्त्रभाग आमच्या वाट्यास आला. लेकरांस शिकवा, ह्या आज्ञेशी आम्ही थबकलो. दाविदाने आपले दुःख कपाटात ठेविले नव्हते. आम्ही किल्ली घेतली आणि मुलास बोलाविले. कपाट उघडून पाहतो तो उंदरांनी डावी पुडी कुरतडली होती, आणि उजवी इतकी उतरली होती की तिला कोणताच सूर राहिला नव्हता. ज्यास आम्ही जतन म्हणत होतो त्याचे फळ हे.

नवी पुडी चढविली, वाद्या ओढिल्या, आणि मुलास घेऊन बसलो. त्याने बाप वाजवीत असता पाहून पाहूनच पुष्कळ उचलले होते. तेच जुने पद आम्ही धरिले. ओळीच्या शेवटी त्याचीही लय किंचित चढली. आम्ही थांबून म्हणालो, "बाळ, येथे घाई होते." तो सरळपणे म्हणाला, "घाई नाही काका. बाबांनी असेच सांगितले आहे. काकांचा दम ओळीच्या शेवटी पुरत नाही, म्हणून तेथे सम थोडी अलीकडे आणून द्यायची, म्हणजे त्यांना श्वास घेता येतो आणि लोकांना कळत नाही."

बंधुभगिनींनो, त्या दिवशी आम्हांस पुढे गाता आले नाही. पंधरा वर्षे ज्या मनुष्याने आमची उणीव आपल्या हाताने झाकिली, त्यास आम्ही चारचौघांत उणे बोललो, आणि त्याने तेही आमच्याकरिता गिळिले. मृदंग आणखी वर्षभर कुलपात राहता, तर ही गोष्ट आम्हांस ह्या जन्मी कळली नसती.

ह्यावरून तीन गोष्टी आपण ध्यानात घ्याव्या.

पहिली ही की, झाकून ठेविलेले दुःख नेहमी प्रेमच असते असे नाही. कधी त्याखाली न मागितलेली क्षमा असते. दाविदाच्या गीतात शौलाचेही नाव आहे. तो वीणा वाजवीत असता ज्या शौलाने त्याजवर भाला फेकिला, त्याविषयी त्या गीतात एकही कडू शब्द नाही. दाविदाचे मन मोकळे होते म्हणून त्यास गाता आले. आपल्यापैकी कोणाचा मित्र, भाऊ, सोबती अद्याप जिवंत असेल आणि मध्ये काही राहिले असेल, तर हे पत्र खाली ठेवून आजच त्याच्या दारी जावे. आम्ही गेलो नाही, म्हणून सांगतो.

दुसरी ही की, मेलेल्या मित्राची आठवण त्याच्या लेकरांपर्यंत पोहोचली पाहिजे. दावीद गीत रचून थांबला नाही. पुढे त्याने विचारपूस केली की, योनाथानाकरिता ज्यावर दया करावी असा कोणी उरला आहे काय? तेव्हा दोन्ही पायांनी पंगू असलेला मफीबोशेथ सापडला, आणि दाविदाने त्यास नित्य आपल्या पंक्तीस बसविले. जो मित्राकरिता डोळे पुसतो परंतु मित्राच्या मुलास दारातून परत लावितो, त्याचे गीत अर्धेच राहिले. आमचे तसेच राहिले होते.

तिसरी ही की, गीत ही एकट्याची मालमत्ता नव्हे. १ इतिहास २५ मध्ये मंदिराच्या सेवेकरिता गायनात तरबेज झालेल्या २८८ जणांची गणती आहे, आणि त्यांनी लहान काय, थोर काय, गुरू काय, शिष्य काय, सारख्याच चिठ्ठ्या टाकिल्या असे तेथे सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रातही हा दाखला आहे. कवी नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन अपुरे होते. लक्ष्मीबाईंस शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तरी पतीचा कागद पेटीत बंद करून त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी लेखणी उचलली आणि तो ग्रंथ पुरा केला. आज आपल्या खेड्यांच्या मंडळ्यांत ध्वनिक्षेपकावर मोबाइलमधील गीत लावून उपासना उरकण्याची चाल पडत आहे, आणि इकडे म्हातारे गाणारे आपल्या चाली बरोबर घेऊन जात आहेत. प्रत्येक मंडळीने एक वृद्ध गाणारा व एक मूल शोधावे, आणि दोघांस एका चटईवर बसवावे. ह्यास पैसा लागत नाही.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू. धरून दिला जाणार त्या रात्री तो मित्रांबरोबर भोजनास बसला होता. यहुदी लोक वल्हांडणाच्या भोजनाच्या शेवटी स्तोत्रे ११५ ते ११८ गात असत. आणि मत्तय २६ : ३० मध्ये सांगितले आहे की, स्तोत्र गाऊन ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. त्या गाणाऱ्यांपैकी एक थोड्या वेळात त्यास नाकारणार होता, बाकीचे पळणार होते. हे जाणूनही तो त्यांच्याबरोबर गायिला. आणि इब्री २ : १२ प्रमाणे तोच उठलेला प्रभू मंडळीमध्ये आपल्या बंधूंसह देवाचे स्तवन गातो. आपला दम जेथे पुरत नाही तेथे तो सावरून घेतो, आणि लोकांस कळू देत नाही.

गेल्या नाताळात त्या मुलाने प्रथमच सभेत साथ केली. त्याची आई पुढे बसली होती. कीर्तनाच्या आरंभी आम्ही मंडळीपुढे आपला अपराध सांगितला, आणि जी क्षमा बापाजवळ मागावयाची राहिली होती ती त्याच्या पत्नीजवळ व मुलाजवळ मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पदरात आणलेली मूठभर कणीक त्यांनी मुलाच्या हाती दिली. मग आम्ही गायिलो. ओळीच्या शेवटी आमचा दम नेहमीप्रमाणे अपुरा पडला, आणि सम नेहमीप्रमाणे थोडी अलीकडे आली.

ज्या प्रभूमध्ये आपले निजलेले जन जिवंत आहेत, तो आपणां सर्वांस क्षमा मागण्याचे धैर्य, शिकविण्याचा धीर व नवे गीत देवो. आमेन.