तळं म्हणावं की धरण?

सह्याद्रीत सायकलनं फिरणाऱ्या कुणालाही चांगला मार्ग विचारा. उत्तरात तीन गोष्टी हमखास येतात: घाट, जंगल आणि ‘लेक व्ह्यू’. पुण्याहून पौडमार्गे मुळशी आणि ताम्हिणी. साताऱ्याहून कास, बामणोली. भंडारदऱ्याला पाण्याच्या कडेकडेनं रतनवाडी. सगळे रस्ते सुंदर आहेत, त्यात वाद नाही. पण लोणारसारखे अपवाद सोडले, तर महाराष्ट्राच्या डोंगरांत दिसणारा असा मोठा जलाशय बहुतेक वेळा तळं नसतो, धरणाचं पाणी असतं. ते तिथं आपण होऊन साठलेलं नाही. कुणीतरी ते अडवलं आणि त्यासाठी कुणाला तरी उठवलं. मग दुसऱ्याचं घर बुडून तयार झालेलं दृश्य पाहून आपण खूश व्हावं का? आणि झालो, तर आपण कुणाचं काही देणं लागतो का?

हा प्रश्न मला सध्या हवेतला वाटत नाही, कारण त्याचं उत्तर मला सहीच्या रूपात द्यायचं होतं. पुण्यातल्या माझ्या चार मित्रांनी मुळशीच्या पाण्यासमोर जागा घ्यायचं ठरवलं. शनिवारी-रविवारी सायकलनं जायचं, मुक्काम करायचा, पुढेमागे छोटं घर बांधायचं. जमीन शेतीची. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे घेणारा शेतकरी असावा लागतो. पाच सॉफ्टवेअरवाल्यांत सातबाऱ्यावर नाव असलेला मी एकटा. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. म्हणजे वालूरच्या तुरी-कापसाच्या जोरावर मुळशीचा नजारा घ्यायचा होता.

वालूरमध्ये जुन्या बारवा आहेत. त्यातल्या एकीच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. अलीकडे गावकऱ्यांनीच गाळ आणि कचरा काढून ती मोकळी केली आणि आता लांबून लोक ती पाहायला येतात. बारवेत पाण्यापर्यंत जायचं तर उतरावं लागतं. वर्ष कसं आहे, हे किती पायऱ्या उघड्या पडल्या त्यावरून कळतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे पाणी आणायला जात. पाणी बघायला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पुण्यात पहिल्यांदा ‘लेक व्ह्यू’ हा शब्द ऐकला तेव्हा मजा वाटली होती. बघण्यासाठी वेगळे पैसे मोजावेत इतकं पाणी!

पण तसा मार्ग आमच्या भागातही आहे. वालूरहून जिंतूर आणि तिथून उत्तरेला येलदरी. सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळी घरी. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकड्या आहेत, तिथली जैन लेणी आहेत. पुढे रस्ता चढउताराचा होतो. कडेला झुडपी रान, साग, पळस. आणि मग एकदम समोर पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ते बघून भरून येतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

एकदा तिथं चहा पिताना मी टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना सहज म्हणालो, “मामा, तळं काय झकास दिसतंय इथून.”

“तळं कुठलं लेकरा, धरण हाय ते,” ते म्हणाले. “आमचं जुनं रान तिकडं आत हाय. पाण्यात.”

आवाजात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं. येलदरी १९६८ साली पूर्ण झालं. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा स्वतंत्र कायदा आला १९७६ साली. मधली आठ वर्षं मोजायला सोपी आहेत. त्या गृहस्थांच्या घरात ती कशी गेली असतील, ते मला मोजता येत नाही.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० सालच्या आपल्या ग्रंथात राजवाड्याचं उदाहरण दिलं आहे. राजवाडा सुंदर आहे का, असं कुणी विचारलं तर गरिबांचा घाम असल्या नसत्या गोष्टींवर उधळणाऱ्या बड्या लोकांना मी शिव्या घालू शकतो. पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, असं त्याचं म्हणणं. सौंदर्याचा प्रश्न वेगळा आणि न्यायाचा वेगळा. मला हे निम्मं पटतं. पाणी सुंदर दिसतं ते दिसतंच. मामांचं रान आत आहे हे कळल्यावरही ते कुरूप झालं नाही. आणि नुसतं बघून मी त्यांचं आणखी काही नेलं नाही. बघितल्यानं पाणी कमी होत नाही.

अपराधी वाटून घेण्यातही फारसा अर्थ नाही. येलदरीच्या पाण्यावर परभणी, हिंगोली, नांदेडकडची शेतं भिजतात, तिथं वीजही तयार होते. मी ज्या विजेवर शिकलो आणि ज्या विजेवर माझी नोकरी चालते, तीही कुठून तरी येतेच. धरणाचे फायदे घेऊन फक्त त्याच्या दृश्यापुरतं सोवळं पाळायचं, हे ढोंग होईल.

कांटचं निम्मं पटत नाही ते यासाठी, की आपण बघण्यावर थांबत नाही. तिथं पुन्हा मुळशी येते. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ म्हणायला लागले ते याच लढ्यामुळे. लढा तीनेक वर्षं चालला. धरण झालंच. पूर्वेकडे वाहणारं पाणी डोंगराखाली कोकणात भिऱ्याला सोडलं गेलं आणि आता ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं.

या इतिहासातली एक गोष्ट मला सारखी टोचते. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या झाल्या होत्या. त्यातल्या अनेकांना नुकसानभरपाई पुरेशी वाटत होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती, पण कागद त्याच्या नावावर नव्हता. ज्याचं नाव त्याच्याशी व्यवहार, असा तो हिशेब होता.

मित्रांचा मुद्दा जोरकस होता. आपण कुणाला उठवत नाही आहोत. विकणारा राजीखुशीनं विकतो आहे. कदाचित तो धरणात उठलेल्याच घरातला पणतू असेल. मग हे पैसे म्हणजे त्या घराला शंभर वर्षांनी मिळणारा मोबदलाच नाही का? याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यानं विकणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पोरांच्या शिक्षणासाठी जमीन विकणारी घरं मी वालूरमध्ये पाहिली आहेत.

पण मी काय घेत होतो, ते बघायला हवं. शेत घेत नव्हतो, कारण मी तिथं काही पिकवणार नव्हतो. तिथल्या गुंठ्याला भाव आहे तो समोरच्या पाण्यामुळे, आणि ते पाणी आहे खाली बुडालेल्या शिवारामुळे. जे गेलं त्याचीच किंमत करून मी ते विकत घेणार होतो. मग कुंपण आलं. कुंपण आलं की गुरांची पाण्यावर जायची वाट अडली. विकणाऱ्याला पैसे मिळतील, पण त्या वाटेनं जाणाऱ्या शेजाऱ्याला कुणी विचारणार नाही, कारण वाट कुठल्या सातबाऱ्यावर त्याच्या नावाची नसते. १९२१ मध्ये हेच झालं होतं. आणि हे सगळं ‘शेतकरी’ या नावाखाली करायचं, जे नाव मला वालूरच्या जमिनीनं दिलं आहे.

मी नाही म्हणालो. “तू नाही घेतलंस तर दुसरा घेईल,” एक मित्र म्हणाला. घेईल. माझ्या नकारानं मुळशीचा काठ मोकळा राहणार नाही, हे मला माहीत आहे. पण दुसरा काय करेल याचं उत्तर दुसऱ्यानं द्यायचं. माझ्या सहीचं उत्तर माझ्याकडे मागितलं जाईल.

सायकल मी सोडलेली नाही. ताम्हिणीच्या रस्त्यानं पावसाळ्यानंतर जाण्यासारखं सुख नाही. वाटेतल्या घरांत जेवतो, त्यांचे पैसे त्यांना देतो, रात्री पुण्यात परत येतो. मार्ग कुणी विचारला तर अजूनही आनंदानं सांगतो. फक्त समोर दिसेल त्याला धरण म्हणतो, आणि विचारणाऱ्याला वेळ असेल तर आत काय आहे तेही सांगतो. एवढ्यानं देणं फिटतं असं मला वाटत नाही. पण ते आहे, हे तरी विसरलं जात नाही.