सूर कुणासाठी?

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 26



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की पान, फूल, फळ, नुसतं पाणीही भक्तीने दिलं तर ते मी स्वीकारतो. वाचताना मला माझीच लाज वाटली.

मला गाण्याचं वेड. डिसेंबरात कुंभारीहून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं, तासन्‌तास बैठक मारायची. पाय अवघडले तरी उठवत नाही. पंडित भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. म्हणजे मुळात ती गुरुसेवाच. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, तेव्हा डोळे भरून येतात. मी त्यालाच भक्ती समजत आलो.

पण परवा एकादशीला गावातल्या भजनातून मी अर्ध्या तासात उठलो. पेटी एका सुरात, आई दुसऱ्याच. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू होतास तवर बरं वाटत होतं रे."

मग पुण्यात मी कुणासाठी बसतो? देवासाठी, की माझ्या कानासाठी? चांगलं गाणं आवडणं हे पाप नव्हे. कानही त्यानेच दिलेत. पण जो देव नुसतं पाणी घेतो, त्याच्या दारात मी सूर तपासत बसलो. गाणाऱ्याची साधना असते, तशी ऐकणाऱ्याचीही असते. माझी अजून सुरूच झालेली नाही.

पुढच्या एकादशीला आरती होईपर्यंत बसणार आहे. टाळ घेऊन, आईच्या मागे.