न पाहिलेल्यासाठीची ओंजळ

जून 2024 मध्ये भोपाळच्या तुलसी नगर आणि शिवाजी नगरातली माणसे झाडांसाठी रस्त्यावर उतरली. मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले बांधायचे म्हणून या जुन्या सरकारी वसाहतींमधली सुमारे 29 हजार झाडे तोडण्याचा बेत होता. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, रहिवाशांनी सभा घेतल्या, आणि त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घेतल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. या लढ्याचे मोल मोठे आहे. पण ती झाडे वाचण्याचे एक कारण असेही आहे की ती रोज डोळ्यांसमोर होती. त्यांची सावली अंगणात पडत होती, त्यांच्यावरचे पक्षी पहाटे ऐकू येत होते. ज्याचा सहवास घडला त्याच्यासाठी माणूस उभा राहतो, यात नवल नाही. प्रश्न उरतो तो कधीच न दिसणाऱ्यांचा. समुद्र भोपाळपासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि प्रवाळ त्या समुद्राच्याही तळाशी. मे महिन्याच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानला जाऊन पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क लावून जो पाण्याखाली उतरतो, त्याला ते घटकाभर दिसते. आणि वर आल्यावर बहुतेक जण मनापासून सांगतात की आता कळले, आता हे जपले पाहिजे. ही भावना खरी असते. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे, ते तपासायला हवे: पाहिल्यावरच कर्तव्य सुरू होते का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कर्तव्य पाहण्याच्या आधीचे असते, आणि ते तसे मानले तरच पाहण्यालाही योग्य मर्यादा पडते.

आधी ते काय आहे हे नीट समजून घेऊ. प्रवाळ म्हणजे खडूसारखे कवच घडवणाऱ्या इवल्या जीवांची वसाहत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते, आणि प्रवाळाचे बहुतांश पोषण त्यातून होते. गोलसर, भरीव जातींचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे हाताएवढा उंचवटा तयार व्हायला माणसाचे अख्खे आयुष्य लागते. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, पण समुद्री जीवजातींपैकी सुमारे पाव जातींचा संसार त्यांच्या आधाराने चालतो. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर हे जीवन आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्याच्या भोवतालचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपसारखे विस्तीर्ण नाही आणि पावसाळ्यात तिथले पाणी गढूळ होते. तरीही ते जिवंत आहे. युरोपात कित्येक शतके विद्वानांना प्रवाळ दगड आहे की झाड आहे हेच ठरवता येईना. अठराव्या शतकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने हे प्राणी आहेत असे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या पंडितांनी ते मानले नाही. त्याच्या कितीतरी शतके आधी जैन आगमांनी जीवांची वर्गवारी करताना प्रवाळाचा समावेश पृथ्वीकाय जीवांत केला होता. आजच्या प्राणिशास्त्राशी ती वर्गवारी जुळत नाही, आणि ती जुळवण्याचा अट्टहासही करू नये. पण जे बाकीच्या जगात अनेकांना निर्जीव खडा वाटत होते, ते एकेंद्रिय का होईना, जीव आहे असे धरून पाऊल उचलायचे, ही वृत्ती त्यात आहे. तिथे जीव सिद्ध होईपर्यंत हिंसा चालू ठेवण्याची मुभा नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. तो असा: अमूर्त कर्तव्य कोणाला हलवत नाही, माणूस प्रेमाने हलतो, आणि प्रेम पाहिल्याशिवाय बसत नाही, म्हणून जितके जास्त लोक पाण्याखाली उतरतील तितके प्रवाळाचे रक्षक वाढतील. स्कूबाचा इतिहासच याला उत्तर देतो. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेता येईल असे उपकरण तयार केले. कुस्तोच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाने 1956 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवले आणि प्रवाळाचे रंग पहिल्यांदाच लाखो लोकांनी पाहिले. त्याच चित्रपटात माशांची मोजदाद करता यावी म्हणून प्रवाळात सुरुंगाचा स्फोट केलेला दिसतो. शार्क मासे मारलेले दिसतात. त्या काळी जगात प्रवाळ सर्वांत जवळून कोणी पाहिले असेल तर या माणसांनी, आणि त्या पाहण्याने त्यांचा हात थांबला नाही. पुढे कुस्तो समुद्ररक्षणाचा मोठा पुरस्कर्ता झाला, हेही तितकेच खरे. पण तो पालट नुसत्या पाहण्याने झाला असता तर पहिल्याच बुडीत झाला असता. समुद्र आपल्या शोधासाठी, आपल्या चित्रणासाठी मांडून ठेवलेला नाही, असा वेगळा विचार त्यासाठी मनात रुजावा लागला. दृष्टी कुतूहल देते, आनंद देते, लालसाही देते. संयम मात्र ती आपोआप देत नाही.

पण पाहण्यावर कर्तव्य बांधण्यातली खरी अडचण याहून मोठी आहे, आणि ती भोपाळसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात जास्त स्पष्ट दिसते. प्रवाळाला आज सर्वांत मोठी इजा पाणबुड्यांच्या पायांनी होत नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उष्णता ओसरली नाही तर उपासमारीने मरते. 1998 आणि 2010 मध्ये, मग 2014 ते 2017 या काळात जगभर हे घडले, आणि एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. हे वायू येतात कुठून? देशातले सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र, 4,760 मेगावॅटचे विंध्याचल, मध्य प्रदेशातच सिंगरौली जिल्ह्यात आहे, आणि या राज्यातले दिवे-पंखे मुख्यतः कोळशावर चालतात. म्हणजे ज्याने लाट कधी पाहिली नाही, असा माणूसही लक्षद्वीपच्या प्रवाळाच्या मरणात सहभागी आहे. थोडा, पण निश्चित. कर्तव्य पाहण्यातून जन्मते असे म्हटले, तर या सगळ्यांना सुट्टी मिळते आणि जबाबदारी उरते फक्त त्या मूठभरांवर, ज्यांच्याकडे तारकर्लीला जाण्याइतके पैसे आहेत. ज्या नीतीत इजा करणारा ‘मी पाहिले नाही’ म्हणून सुटतो, ती नीती टिकण्यासारखी नाही.

आपल्या धर्मपरंपरेत पाहण्याला फार मोठे स्थान आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पंढरीला माणूस दर्शनाला जातो. दर्शनात मी देवाला पाहतो आणि देवही मला पाहतो, अशी श्रद्धा असते. परंतु त्याच परंपरेने दुसरा एक आचार घरोघर ठेवला, त्याची आठवण पर्यटनाच्या चर्चेत कोणी काढत नाही. गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांत एक भूतयज्ञ आहे: शिजवलेल्या अन्नातला वाटा प्राणिमात्रांसाठी काढून ठेवायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारेही आले. तर्पणात शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांसाठी पाणी सोडले जाते. ती ओंजळ सोडणाऱ्याने ते जीव पाहिलेले नसतात, पुढे पाहण्याची शक्यता नसते, आणि बदल्यात काही मिळण्याची अपेक्षाही नसते. दर्शन आणि तर्पण ही नात्याची दोन रूपे आहेत. एकात भेट आहे, दुसऱ्यात भेटीशिवायचे देणे आहे. समुद्रतळाशी आपले नाते मुळात तर्पणाच्या जातीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना सर्व भूतांविषयी द्वेष नसणे, मैत्री आणि करुणा यांचा उल्लेख आल्याबरोबर लगेच ‘माझे’पणा नसणे हे लक्षण येते. हा क्रम विचार करायला लावणारा आहे. आपली मैत्री सहसा ‘माझे’पणातून फुलते: माझे झाड, माझी गल्ली, मी पाहिलेला मासा. गीतेला अभिप्रेत असलेली मैत्री ‘माझे’ गळून पडल्यावरही उरते.

यावर तत्त्वज्ञानाच्या अंगाने एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्याला मेंदू नाही, ज्याचे सुखदुःख आपल्याला ठाऊक नाही, अशा जीवाला मोल कोण देते? पाहणारे मन नसेल तर सौंदर्य असून नसल्यासारखे. जी. ई. मूर यांनी 1903 मधल्या ‘प्रिन्सिपिया एथिका’ या ग्रंथात याला उत्तर देऊ पाहिले: एक जग अत्यंत सुंदर, दुसरे नुसता घाणीचा ढीग, आणि दोन्ही कोणी कधीही पाहणार नाही, तरी सुंदर जग असणे अधिक बरे नाही का? या युक्तिवादातली फट अनेकांनी दाखवली आहे. दोन जगांची कल्पना करताना आपण मनातल्या मनात ती पाहतच असतो. प्रेक्षक बाहेर काढला असे म्हणत मागच्या दाराने आत घेतो. सौंदर्यापुरती ही फट मान्य करावी लागेल. पण प्रवाळाचा प्रश्न मुळात सौंदर्याचा नाहीच. तिथे जगणारे आहेत, त्यांचे भले-वाईट होते. प्रवाळाच्या फांद्यांत लपलेल्या माशाच्या पिल्लाला तिथे आसरा असतो, तो गेला की ते मरते. हे खरे ठरायला माणूस साक्षीला लागत नाही. खुद्द प्रवाळाला मध्यवर्ती मेंदू नाही, वेदना आपल्यासारखी होत असेल असे म्हणायला आधार नाही. तरी ते अन्न पकडते, इजा भरून काढते, आणि अनेक जाती चंद्राच्या कलेशी मेळ साधून एकाच रात्री प्रजननबीजे पाण्यात सोडतात. जगण्याची अशी धडपड जिथे आहे तिथे बिघडणे आणि बरे होणे या शब्दांना अर्थ आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भारद्वाज यांच्या संवादात झाडांनाही इंद्रिये आहेत, हे एकेक कारण देऊन सांगितले आहे. ती कारणे आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण ज्याची हालचाल आपल्याला दिसत नाही, त्याच्या बाजूने कारणे शोधत राहण्याची ती सवय आपण का सोडावी?

मालवणचा माणूस इथे रास्तपणे विचारेल की या तात्त्विक बोलण्यात माझे पोट कुठे आहे. अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण आपले पाणी आपल्याला बंद होईल ही भीती त्यांना होती. पर्ससीन जाळी आणि ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकारांच्या तोंडचा घास काढून घेतला, त्यातल्या काही घरांतली मुले आज बोटी चालवून, गाईड म्हणून पर्यटकांना पाण्यात नेऊन घर चालवतात. त्यांना बुडी बंद करा असे सांगणे अन्याय होईल, आणि माझा युक्तिवाद ते मागतही नाही. तो पाहण्याला शिस्त मागतो, तीही देवळात आपण मुकाट पाळतो तशी. शेजारती झाली की दार बंद होते, गाभाऱ्यात सगळ्यांना प्रवेश नसतो, मूर्तीला हात लावायचा की नाही हे भाविक ठरवत नाही. आणि यामुळे दर्शन उणे होते असे कोणाला वाटत नाही. प्रवाळावर उभे राहून फोटो काढायचा नाही, मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकायची नाहीत, नांगर खडकावर टाकायचा नाही, काही जागा काही महिने मोकळ्या सोडायच्या, एका दिवसात किती जणांनी उतरायचे याला सीमा घालायची. लाल समुद्रात व अन्यत्र काम केलेल्या संशोधकांनी 1990 च्या दशकातच एका जागेला वर्षाला पाच-सहा हजार बुड्यांपर्यंतची मर्यादा सुचवली होती. मालवणची मर्यादा मालवणच्या खडकांचा अभ्यास करूनच ठरवावी लागेल. गाईडने पर्यटकाला दटावले तर त्याचा धंदा बुडू नये, यासाठी नियम सगळ्या बोटींना सारखे असले पाहिजेत, आणि ते करणे शासनाचे काम आहे.

न पाहिलेल्याची बाजू घेणे माणसाला जमतच नाही, असेही म्हणवत नाही, कारण कायद्याने ते केले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 मध्ये भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे त्याच्या पहिल्या परिशिष्टात आली, वाघाच्या पंक्तीला. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या लाखो भाविकांना शेजारच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे याचा पत्ताही नव्हता. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी इथे ते आढळले, तेव्हा याच कायद्यामुळे 2020 मध्ये त्याच्या 18 वसाहती उचलून मुंबईच्याच दक्षिण किनाऱ्यावर हलवाव्या लागल्या. रस्ता थांबला नाही, आणि एखादी वसाहत हलवणे म्हणजे तिचे घर वाचवणे नव्हे. पण ज्यांना कोणी पाहिले नव्हते त्यांचा हक्क कागदावर तरी होता. खरी कसोटी विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळाचा विस्तीर्ण पसारा आहे. तिथे पर्यटकांना नेण्याचे बेत अधूनमधून ऐकू येतात. ही जागा देशाच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे राज्याचे अभयारण्य तिथे करता येत नाही. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र सरकारच तिला निर्दिष्ट क्षेत्र ठरवू शकते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2020 मध्ये तशा प्रस्तावाला संमती दिली. तुलसी नगरच्या रहिवाशांनी आपल्या दारातल्या झाडांसाठी सरकारला झुकवले आहे. आंग्रिया बँकेला पूर्ण संरक्षण द्या आणि तिचा गाभा पर्यटनासाठी खुला करू नका, अशी मागणी करणारे पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला मालवणातून, मुंबईतून जायला हवेच. त्यावर भोपाळच्याही सह्या असाव्यात.